उजवा पाय अर्धा इंच आखूड

९ जानेवारी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण आठांपैकी एक अंग सध्या माझ्या सांगण्यात नाही. सात अंगांचा गोड मानून घे.

फोन करता आला असता. पण फोनवर तू 'हां, हां' म्हणतोस आणि मागे मशीन चालूच असतं. मी तुझ्याशी बोलतोय की कापडाशी, ते कळत नाही. शिवाय हे ऐकून तू हसणार, आणि ते हसू मला कानाने ऐकायचं नाही. पत्र वाचून हस.

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात शिरलो, फळ्यापाशी पोहोचलो, खडू उचलला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमची डावी चप्पल दारात राहिली." दार बारा पावलं मागे. बारा पावलं मी एका अनवाणी पायाने आलो आणि मला पत्ता नाही! मांडीच्या बाहेरच्या अंगापासून थेट अंगठ्यापर्यंत सगळं बधिर. चिमटा काढला तर बातमी पोहोचते, पण उशिरा आणि तिसऱ्याच्या तोंडून आल्यासारखी. संस्कृतात पायांना द्विवचन असतं. माझे पाय म्हणजे सध्या दोन वेगवेगळी एकवचनं आहेत, एकमेकांशी न बोलणारी.

डॉक्टरांनी कमरेचे फोटो काढले. मणक्यातून निघून पायात उतरणारी एक शीर दबली आहे. आणि त्याखाली श्रोणी, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, एका बाजूला कललं आहे: डावीकडे वर, उजवीकडे खाली. ज्या प्रदेशावर कवींनी शतकानुशतकं शाई खर्च केली, तो माझ्या बाबतीत नुसता तिरका निघाला.

डॉक्टर म्हणतात, कापायची घाई नको. आधी बारा आठवडे व्यायाम, तो शिकवणाऱ्या एका बाईंकडे. तेवढ्यात पायाचा अंगठा नीट वर उचलायला लागला आणि बधिरपणा उतरला तर सुटलो. नाही तर शस्त्रक्रिया, आणि तीही वेळेत. शीर फार दिवस दबून राहिली, तर पुढे सोडवली तरी तिला परत यायची इच्छा उरलेली नसते, असं ते म्हणाले. त्यांनी 'इच्छा' हा शब्द वापरला नाही, तो माझा.

शाळेत बाकीचं ठरूनच आहे. मुख्याध्यापिका गोड बोलतात. "सर, दोन मजले चढवत नसतील तर पुस्तकांच्या खोलीत बसा की. याद्या करायच्या राहिल्यात." दादा, मला याद्या करायच्या नाहीत. सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभा आहे, अजून सहा उभं राहायचं आहे. तेव्हा बारा आठवड्यांत हा पाय परत मिळवायचा, एवढं एकच काम आहे मला.

व्यायामाला दोन पँटी हव्यात, मऊ कापडाच्या, बसल्या-उठल्यावर ओढणार नाहीत अशा. वहिनीला नमस्कार.

तुझा,
पंडित

१६ जानेवारी

चि. पंडित,

आशीर्वाद. सांगितलंस तसा हसलो. वहिनीपण हसली, मग मला म्हणाली हसू नका, आणि डोळे पुसत आत गेली.

तुझा धंदाच वाईट. मी पण दिवसभर उभाच असतो, पण माझ्यासमोर टेकायला टेबल असतं. तू कशाला टेकतोस, व्याकरणाला?

दोन पँटी पाठवतोय. कापड पाण्यातून काढून वाळवून मगच कापलंय, आटणार नाही. कंबरेत एक इंच सोडलाय, आत शिवणीला माया भरपूर ठेवलीय. तुझी नवी मापं नकोत मला. तुझा कागद माझ्याकडे आहेच.

ती व्यायामवाली बाई काय म्हणते? दुखणं नवं का जुनं? जुनं असेल तर किती वर्षांचं, ते तिला कळतं का? ते लिही. आणि तिला फार दाबादाबी करू देऊ नकोस. हाडाची माणसं एक सरळ करायला जातात आणि दुसरं वाकडं करून ठेवतात.

दादा

(ता. क. भाऊजी, ह्या दोन पँटी कापायला ह्यांना तीन दिवस लागले. एरवी अर्ध्या दिवसाचं काम. नुसते टेबलापाशी खडू घेऊन उभे. काही विचारलं तर खेकसतात. तुमच्या पायाचंच मनाला लागलंय त्यांच्या. जपा. – वहिनी)

२ फेब्रुवारी

दादा,

पँटी मिळाल्या. इतक्या सुरेख की व्यायामाला घालायची लाज वाटते. गड्या, अशी इस्त्रीची घडी पडलेल्या पँटीत जमिनीवर लोळायचं कसं!

बाईंचं वय माझ्या निम्मं आणि अधिकार दुप्पट. त्यांची खोली म्हणजे एक उंच बाक, दोन चेंडू आणि भिंतभर आरसा. आरशावर आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या, मुलांच्या गणिताच्या वहीसारख्या. त्यासमोर मला अर्ध्या चड्डीवर उभं केलं. कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे ठेवले आणि म्हणाल्या, "बघा." बघितलं. डावं हाड उजव्यापेक्षा चांगलं बोटभर वर. खांदे ते सावरायला उलटीकडे झुकलेले. मी बावन्न वर्षांचा आहे आणि हा मनुष्य मी कधी पाहिलेला नव्हता.

"वर्गात कसे उभे राहता, ते दाखवा."

दाखवलं. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा सैल, उजव्या हातात खडू.

"छान! सव्वीस वर्षं एका पायावर तप केलंत. देव प्रसन्न झाला की नाही?"

दादा, अशी चेष्टा आपल्या घरात फक्त आई करायची.

व्यायाम ऐक. कुशीवर पडून गुडघे दुमडायचे आणि वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडायचा. पाठीवर पडून कंबर उचलायची आणि दहा आकडे धरून ठेवायची. खुर्चीत बसून पाय हळूच लांब करायचा, म्हणजे शीर आपल्या वाटेत मोकळी सरकते. घरात चालताना कमरेला रुंद पट्टा. झोपताना दोन गुडघ्यांत उशी. आणि सगळ्यात अवघड म्हणजे उभं राहणं, दोन्ही पायांवर सारखं. तसं उभं राहिलो की वाटतं, उजवीकडे कोसळतोय. बाई म्हणतात, "आता सरळ आहात. तुम्हाला सवय नाही, एवढंच."

आता तुला हवं होतं ते. दुखणं नवं की जुनं? त्या म्हणाल्या, पाय बधिर झाला तो आत्ता. कंबर कलली ती मात्र बरीच जुनी असणार, वर्षं सांगता येत नाहीत.

पुढची गोष्ट जरा नाजूक आहे. घरी निघताना तुझी नवी पँट चढवली आणि बाई एकदम म्हणाल्या, "थांबा. हलू नका." मला परत आरशासमोर नेलं. "आता तुम्ही सरळ दिसताय." पँट काढायला लावली: तिरका. घालायला लावली: सरळ. शेवटी पँट उलटी करून त्यांनी टेप लावली. उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा इंच आखूड आहे, दादा. आणि कमरेच्या पट्ट्याखाली डाव्या बाजूला कापड चढवून घेतलंय.

बाई म्हणाल्या, "तुमचा शिंपी चुकलाय." मी म्हटलं, "तो माझा थोरला भाऊ आहे. त्याची कात्री चुकत नाही." पण घरी येऊन मी दुसरी पँटही मोजली. तीही तशीच.

राग मानू नकोस. साठी उलटली की कारागिराच्या डोळ्यांना थोडी सवलत द्यावी. तीन दिवस लागले असं वहिनी लिहिते, तेव्हाच मला शंका आली. डोळे दाखवून घे. मोतीबिंदू असेल तर आता तासाभराचं काम असतं म्हणे. पँटीचं काही नाही, मी इथे कोणाकडून तरी उसवून सारखी करून घेईन.

तुझा,
पंडित

९ फेब्रुवारी

पंडित,

माझे डोळे उत्तम आहेत. सुईत दोरा अजून एका दमात ओवतो. ती पँट तिथल्या कोणाकडून तरी उसवून घेणार म्हणे! हात लावशील तर खबरदार.

कात्री चुकलेली नाही. उजवा पाय अर्धा इंच आखूड मीच ठेवलाय. तुझी कंबर तिरकी आहे म्हणून ठेवलाय. आजची नाही, अकरा वर्षांची तिरकी आहे.

आता विचारलंसच तर सगळं ऐक. अकरा वर्षांपूर्वी तू सुट्टीत आलास तेव्हा एक जुनी पँट दुरुस्तीला टाकून गेलास. तिच्या उजव्या पायाची मोहरी मागून टाचेखाली घासून फाटलेली, डावी कोरी. मला एका नजरेत कळलं. पुढच्या वेळी उजवा पाय पाव इंच कमी कापला. बसली बरोबर. दोन वर्षांनी परत घासलेली दिसली, अजून एक धागा कमी केला. असं करत करत अर्ध्यावर आलो. तुझ्या कागदावर सगळं पेन्सिलीने लिहिलेलं आहे, वर्षासकट.

माझ्या कपाटात नेहमीच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे कागद आहेत. तू पाहिलेत ते, दोऱ्याला टांगलेले. एकही माणूस सरळ नाही. कोणाचा खांदा पडलेला, कोणाला पोक, कोणाचा एक हात लांब. उस्तादांनी आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं की गिऱ्हाइकाचं वाकडं कात्रीने झाकायचं, तोंडाने बोलायचं नाही. माणूस दुकानातून जाताना आरशात बघतो तेव्हा त्याला आपण बरे आहोत असं वाटलं पाहिजे. त्यासाठीच तो येतो. एक पोरगा पहिल्याच आठवड्यात एकाला म्हणाला, 'काका, तुमची पाठ वाकडी आहे.' उस्तादांनी त्याला त्याच दिवशी घरी धाडला.

अकरा वर्षांत एक तरी माणूस म्हणाला का, की मास्तर तिरके चालतात? नाही ना? मग माझं काम मी नीट केलंय. डोळे दाखव म्हणे.

दादा

२६ फेब्रुवारी

तीर्थरूप ज्येष्ठ बंधूंच्या चरणी,

आपलं पत्र पावलं. उत्तराला विलंब झाला, कारण काही मोजमाप करायचं होतं.

मी कपडे टाकत नाही, हे आपण जाणताच. कपाटातून आपण शिवलेल्या नऊ पँटी काढल्या आणि पलंगावर ओळीने मांडल्या. सगळ्यात जुनीचे दोन्ही पाय सारखे. तिच्या पुढचीचा उजवा पाव इंच कमी. मग थोडा अधिक, मग अर्धा. माझ्या शरीराचं असं सटीप चरित्र माझ्याच कपाटात होतं आणि मी ते रोज अंगावर घालून शाळेत जात होतो. टीकाकाराने सगळं टिपलं होतं. फक्त वाचकाला कळू द्यायचं नाही, एवढा त्याचा नियम होता.

नऊही पँटी घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी एकेक मोजली आणि बाकावर ओळीने ठेवली. मग म्हणाल्या, "मोहरी एका बाजूने घासते, तिथूनच आम्ही सुरुवात ओळखतो. पहिल्या पँटीच्या वेळी आला असतात तर कंबर दीड-दोन महिन्यांत जागेवर आली असती." मी विचारलं, "आणि आता?" त्या म्हणाल्या, "आता करतोय ना."

आपल्याला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून पायाची स्थिती कळवतो. मांडीला थोडी जाग आली आहे. पण पाऊल खाली टेकताना आपटतं, पट्कन, ओला टॉवेल फरशीवर टाकावा तसं. मुलं आवाजावरून ओळखतात की मी येतोय. गेल्या सोमवारी जिन्याच्या सहाव्या पायरीवर अडखळून पडलो. हाडाला काही झालं नाही. दोन मुलांनी उचललं. त्यांतल्या एकाला मी आदल्या शनिवारीच वर्गाबाहेर काढलं होतं. त्याने फार जपून उचललं, ते जास्त लागलं.

मी एकटा राहतो. मला पँटीशिवाय बघणारं माणूस या घरात नाही. तेव्हा माझी कंबर कलते आहे हे भूतलावर एकाच माणसाला ठाऊक होतं. त्या माणसाला मी 'दादा' म्हणतो. तो वर्षातून एकदा पार्सल पाठवून मला खुशाली विचारत असे, आणि मी त्याला पोचपावतीत लिहीत असे, 'पँट झकास बसली.'

आपण मला गिऱ्हाईक मानलंत. इतर तक्रार नाही.

एक विनंती. बाईंना अशी पँट हवी आहे, की जिचे दोन्ही पाय काटेकोर सारखे असतील. त्या म्हणतात, उजवी मोहरी जमिनीला किती लागते ते रोज माझं मला दिसलं पाहिजे. कंबर वर येईल तसं ते घासणं कमी होईल. तशा दोन शिवून पाठवाव्यात. वाकडं दिसलं तरी चालेल. वाकडं दिसण्यासाठीच हव्या आहेत.

आपला,
कनिष्ठ बंधू

५ मार्च

पंडित,

'आपण, आपण' करू नकोस. मी काही तुझा संस्थाचालक नाही.

तशी पँट मी शिवणार नाही. माझ्या दुकानाचा शिक्का असलेली पँट जमिनीवर लोळत शाळेत हिंडायची? लोक विचारतील कोणी शिवली. दुसरीकडून घे.

आणि पडलास ते मला आज कळवतोस, आठ दिवसांनी, तेही टोमणे मारता मारता.

तुला सांगितलं नाही म्हणतोस. सांगितलं होतं. आठ वर्षांपूर्वी शाळेत तुझा सत्कार होता, त्याचा कोट घालून बघायला आला होतास. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. मी टाचण्या तोंडात धरून म्हटलं, "नीट उभा राहा. एका पायावर लोंबकळू नकोस, कंबर वाकडी होतेय तुझी." तू त्या दोघांकडे बघून म्हणालास, "दादा, तुझं काम कोट सरळ करायचं. माणूस सरळ करायला आम्ही मास्तर आहोत." ते दोघं हसले. तू हसलास. मीही हसलो, टाचण्या सांभाळून. आणि कोट सरळ केला.

त्यानंतर परत सांगायला हवं होतं म्हणशील. असेल. पण तुझ्यासमोर बोलायला मला नेहमीच जरा जड जातं. मी सातवीत शाळा सोडली. तू काहीही झालं की चार शब्दांत माणसाला गप्प बसवतोस आणि वर तो हसतोही. मला कात्रीच येते. जे येतं ते केलं.

बायको केली असतीस तर तिने बघितलं असतं. मी किती बघायचं?

दादा

२१ एप्रिल

दादा,

दीड महिना पत्र लिहिलं नाही. चारदा लिहायला बसलो आणि चारही वेळा फार चांगलं लिहिलं गेलं, म्हणून फाडलं.

बारा आठवडे झाले, तर निकाल आधी सांगतो. शस्त्रक्रिया टळली. डॉक्टरांनी पायावर हातोडी मारली, टाचेवर चालवलं, बोटांवर चालवलं आणि म्हणाले की कापण्यासारखं काही उरलं नाही. मांडी, पोटरी जागी झाली. पाऊल आता आपटत नाही. कंबर बरीच वर आली, बाईंच्या अंगठ्यांत आता दोन धाग्यांचा फरक आहे. पण अंगठा पुरता उचलत नाही, आणि पावलाचा वरचा भाग अजून मुका आहे. मी विचारलं, "हे कधी येईल?" डॉक्टर म्हणाले, "वर्षभर वाट बघू." माणूस सज्जन आहे. 'येईल' असं म्हणाला नाही.

शाळेने वरचे वर्ग काढून घेतले. तळमजल्यावरचे दोन ठेवले आहेत, पाचवी आणि सहावी. दुपारी पुस्तकांच्या खोलीत बसतो. खोलीला एकच खिडकी आहे आणि ती सायकली ठेवतात त्या बाजूला उघडते. आठवीला नवीन बाई आल्या आहेत. त्या बसून शिकवतात, आणि मुलं म्हणतात, चांगलं शिकवतात.

आता तुझ्या पत्राबद्दल. सत्काराच्या कोटाचं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. म्हणून तू खोटं लिहिलंस असं ठरवून मी पंधरा दिवस सुखात काढले. मग एके दिवशी बाईंनी आरशासमोर उभं करून म्हटलं, "लोंबकळू नका," आणि मला तुझ्या तोंडातल्या टाचण्या दिसल्या. ती दोन गिऱ्हाइकंही दिसली. एकाच्या मांडीवर छत्री होती. वाक्य फार चांगलं जमलं होतं, दादा. मला ते घरी येतानाही आठवून हसू येत होतं. फक्त ते कशाचं उत्तर होतं, तेवढं मी विसरलो.

आणखी एक कबूल करायचं आहे. बाईंचं बोलणं मी तुला अर्धंच कळवलं होतं. 'पहिल्या पँटीच्या वेळी आला असतात तर' यापुढे त्या असंही म्हणाल्या होत्या की, "पण शीर त्यामुळेच दबली, असं मी सांगू शकणार नाही. पुष्कळांची कंबर तिरकी असते आणि त्यांना काही होत नाही. तुमच्या भावाला दोष देऊ नका." ते सगळं मी मुद्दाम गाळलं. ते लिहिलं असतं तर पत्रात राग भरता आला नसता. आता अशी गत आहे की धड तुला माफ करता येत नाही आणि धड रागावताही येत नाही.

पँट मी दुकानातून घेतली. तयार. आयुष्यातली पहिली. विकणाऱ्याने कंबर विचारली आणि उंची विचारली, बस्स. दोन्ही पाय सारखे, कारण ज्या मशीनवर ती शिवली त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात उजवी मोहरी घासून फाटली. गेल्या आठवड्यात दुसरी घेतली, तिची फार थोडी घासली आहे. कापड भिकार आहे, खिशात रुमाल ठेवला तर फुगतं. तुला वाईट वाटेल म्हणून हे लिहीत नाही. म्हणजे, थोडं त्यासाठीही लिहितोय.

एक मात्र विचारतो. तुझ्या कपाटात कागद टांगलेले आहेत, प्रत्येकावर कोणाचं तरी काहीतरी पेन्सिलीने लिहिलेलं. म्हाताऱ्यांचं राहू दे. पण त्यांत कोणी असं आहे का, ज्याची अजून पहिलीच पँट चालू आहे? असेल तर त्याला सांग. उस्ताद काय म्हणाले होते ते मला माहीत आहे. तरी सांग.

पंडित

४ मे

चि. पंडित,

आशीर्वाद.

तयार पँट घेतलीस ते बरं केलंस. वाईट वाटलं. ते तुला हवंच होतं, तर वाटलं.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि कपाट उघडलं. बेचाळीस कागद. पाच माणसं तर गेलेलीच, मी कागद काढले नव्हते. बाकी बरेचसे माझ्या वयाचे. त्यांना काय सांगू, की पाठीला बाक आला? त्यांना ठाऊक आहे. पण एक कागद निघाला, छोटा.

एक मुलगी आहे, तेरा वर्षांची. तिचा शाळेचा सदरा आणि स्कर्ट माझ्याकडेच असतो. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा खांदा जरा उतरलेला वाटला, म्हणून आत एक पातळ गादी लावली. गेल्या वर्षी दोन लावल्या. मापं घेताना पाठीवरून टेप खाली नेली तर ती सरळ उतरत नाही, एका बाजूला वळते. कागदावर मी लिहून ठेवलंय, 'डा. खां. दोन गाद्या'. आणखी काही लिहिलेलं नाही.

काल तिची आई नव्या वर्षाचं कापड घेऊन आली, मुलगी बरोबर. दुकानात तिघंजण होते. त्यांना जाऊ देऊ असं ठरवलं होतं, पण एक गेला की दुसरा यायचा. शेवटी सगळ्यांसमोरच बोललो. तुझ्यासारखं बोलता येत नाही, जमेल तसं बोललो.

"ताई, कापड ठेवा. पण त्याआधी पोरीची पाठ कोणाला तरी दाखवा."

"म्हणजे?"

"खांदा उतरतोय तिचा. दोन वर्षं बघतोय मी. पाठीचा कणा एकीकडे चाललाय असं वाटतं."

बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी थोबाडीत मारली. "तुम्ही शिंपी आहात की डॉक्टर?"

"शिंपीच आहे. म्हणून तर आधी दिसलं."

"दोन वर्षं दिसतंय आणि आज सांगताय?"

मी म्हटलं, "माझ्या भावाचं असंच झालं, त्याचा पाय..."

"तुमच्या भावाचं मला काय सांगता? माझी पोर धडधाकट आहे. चार लोकांत तिच्यात खोट काढता? उद्या हे गावभर होईल. तुम्हाला शिवायचं होत नसेल तर तसं सांगा, वय झालं म्हणावं." आणि काउंटरवरचं कापड उचललं. बाकावर बसलेले दोघं जमिनीकडे बघत होते. त्यांतला एक नंतर मला म्हणाला, "मास्तर, कशाला पडलात ह्यात?" तो पण माझं कपाट ओळखतो. त्याचाही कागद आहे.

बाई समोरच्या शिंप्याकडे गेल्या. मला इथून दिसत होतं. त्याने टेप काढली, पोरीच्या पाठीवर लावली, मिनिटभर थांबला, माझ्या दुकानाकडे एकदा बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. तो माझ्याच उस्तादांकडे शिकलाय. बोलला काही नाही. बाई हसत होत्या.

पण ते नंतर. आधी माझ्या दुकानातून निघताना बाई पुढे गेल्या आणि मुलगी दाराशी मागे राहिली. तिथे माझा मोठा आरसा आहे. तिच्या अंगात मी गेल्या वर्षी शिवलेला सदरा होता. तिने त्यात बघितलं, डावीकडून, मग उजवीकडून. दोन्ही खांदे एका ओळीत होते, सुतासारखे. मग माझ्याकडे बघितलं, म्हातारा काहीतरीच बोलतो असं, आणि आईच्या मागे पळाली.

दादा